मीटरसाठी कोरी ठेवलेली ओळ

आमच्या भात संशोधन केंद्राला पन्नास वर्षं होतात म्हणून एक पुस्तक निघणार आहे. जुन्या कर्मचाऱ्यांनी आपल्याबरोबरच्या माणसांविषयी दोन-चार पानं लिहून द्यावीत, असं पत्र मलाही आलं. मी तिथे एकतीस वर्षं बियाण्यांचं कोठार सांभाळलं. आयुष्यात जे काही लिहिलं ते रकान्यांत लिहिलं. त्याबाहेर लिहायचा हाताला सराव नाही. तरी एका माणसाविषयी लिहायचं ठरवलं आहे. त्याच्याविषयी मी पूर्वी एकदा एकच ओळ लिहिली होती आणि ती खोटी होती.

त्याला सगळे मीटर म्हणत. तो काचघराचा मदतनीस होता. आमच्या केंद्रामागची जमीन चोपण, म्हणजे वाळली की दगड, भिजली की साबण, आणि वर पांढरा थर. अशा जमिनीत भात का मरतो आणि कुठला वाण तग धरतो, हे शोधायला केंद्र काढलेलं. मातीत किंवा पाण्यात सोड्याचा जोर किती आहे ते ज्या आकड्याने मोजतात त्याला आम्ही सामू म्हणतो. सात म्हणजे साधं पाणी. नऊच्या वर गेलं की भाताच्या मुळांचं काही खरं नसतं.

हा माणूस अंगठा आणि पहिलं बोट टबात बुडवायचा, एकमेकांवर घासायचा, डोळे किलकिले करायचा आणि म्हणायचा, "नऊ सहा." मग कोणीतरी यंत्र बुडवायचं. नऊ पूर्णांक सहा. सोड्याचं पाणी बुळबुळीत असतं हे आम्हालाही कळायचं. पण किती बुळबुळीत, हे फक्त त्याला. हातमोजे दिलेले होते. ते त्याने खिळ्याला टांगून ठेवले होते.

"हातमोजे घातले की पाणी मुकं होतं," म्हणायचा.

त्याचं दुसरं वेड म्हणजे आकडे देणं. टबातल्या रोपांना एकपासून नऊपर्यंत गुण द्यायची पद्धत असते. एक म्हणजे रोप ठणठणीत. तीन म्हणजे पानांची टोकं पिवळी. पाचला पानं गुंडाळायला लागतात, सातला बहुतेक वाळलेली, नऊ म्हणजे मेलं. हा माणूस माणसांनाही तेच आकडे लावायचा. सकाळी कोठाराच्या दारात उभा राहून मला बातमी द्यायचा, "साहेब आज पाचवर आहेत, फायली घेऊन जाऊ नकोस." स्वतःच्या बायकोशी भांडण झालं की, "घरी काल सात होतं. आज पहाटे पाणी बदललं, आता तीनवर आलंय."

मला तो कुलूप म्हणायचा. कोठार बंद केल्यावर मी तीनदा कुलूप ओढून बघायचो म्हणून. दहा वाजता तो यायचा, "काय कुलपा, चहा?" म्हणायचा आणि आम्ही कोठाराच्या मागच्या पायरीवर बसायचो. एका महिन्यात नोकरीला लागलेलो आम्ही दोघं. त्या पायरीवर आमची वीस-बावीस वर्षं गेली.

आता त्या रोपाची गोष्ट सांगतो.

चाचणीची पद्धत अशी. मोठ्या टबात सोड्याचं पाणी भरायचं. वर थर्माकोलचा तक्ता तरंगत ठेवायचा, त्याला ओळीने भोकं, भोकांखाली जाळी, एकेका भोकात एकेक रोप. हवेने आणि मुळांनी पाण्याचा सामू खाली येतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ सोडा घालून तो परत वर न्यायचा. वीस दिवस हे चालतं. आणि प्रत्येक टबाच्या कडेची ओळ एका ठरलेल्या नाजूक वाणाची असते. तो वाण सगळ्यात आधी मरतो. तो मेला की समजायचं, पाणी बरोबर होतं. त्या ओळीचं काम मरणं, एवढंच.

एके वर्षी चार नंबरच्या टबात, त्या मरायच्या ओळीत, एक रोप जगलं. शेजारची सगळी नऊवर गेलेली आणि हे तीनवर. वर मधोमध नवीन पान काढत होतं.

तेव्हा मॅडम संशोधक म्हणून नुकत्या लागल्या होत्या. तरुण, हुशार, पायाला भिंगरी. मीटरला काका म्हणायच्या. टब कसा धुवायचा, जाळी कशी ताणायची, हे सगळं त्यांना मीटरनेच शिकवलं होतं. त्याने त्यांना हाक मारली.

"मॅडम, हे एक बघा."

"कडेच्या ओळीतलं? भेसळ असेल, काका. दुसऱ्या वाणाचा एखादा दाणा आला असेल. उपटून टाका."

"पण बुड जांभळं आहे."

"जांभळ्या बुडाचे पन्नास वाण आहेत हो आपल्याकडे."

त्याने उपटलं. दहा वाजता पायरीवर आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात एक काचेची नळी होती आणि नळीत ते रोप.

"कुलपा, एक गुन्हा करायचाय."

"कुठला?"

"उपटून टाका म्हणाल्या. उपटलं. टाकायचं राहिलंय."

नियम असा होता की चाचणीतून काढलेलं प्रत्येक रोप त्याच दिवशी भट्टीत जाळायचं. नाहीतर कुठला वाण कुठला, याचा घोळ होतो. मला नियम पाठ होता. मी म्हटलं, "जाळून टाक, उगाच नसतं लचांड."

"अरे, बघ तरी. पानाचा कोन बघ. जिभेसारखा पापुद्रा बघ इथे. मी ही ओळ बारा वर्षं मरताना बघतोय. मला ओळखू येणार नाही होय?"

कोठारामागे कडी तुटलेली एक निळी बादली होती. कुंपणाजवळच्या सगळ्यात पांढऱ्या तुकड्यातली माती त्याने त्यात भरली. गळक्या नळाखाली ती बादली ठेवली आणि रोप लावलं. मी तोंड दुसरीकडे करून चहा प्यायलो. पुढे लोंबी निघाली तेव्हा दुसऱ्या भाताचे परागकण आत जाऊ नयेत म्हणून तिला कागदी पाकीट घालायला हवं होतं. ती पाकिटं माझ्या कोठारातली. मी दिली. म्हणजे गुन्ह्यात मीही होतो, हे इथे लिहून ठेवतो.

तीन हंगाम त्याने त्या बादलीत भात काढला. प्रत्येक वेळी सगळी रोपं जगली. प्रत्येक वेळी बुड जांभळं, दाणा तोच, उंची तीच. नाजूक वाणच होता तो; फक्त मरायचं विसरला होता. मग एके दिवशी मूठभर बियाणं घेऊन तो मॅडमकडे गेला आणि काय केलं ते सरळ सांगून टाकलं. मॅडम आधी भडकल्या. मग त्यांनी टब लावला. विसाव्या दिवशी काचघरातून त्यांचा आवाज कोठारापर्यंत आला, "काका, हे मरतच नाही हो!"

त्या दिवशी मीटर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आता वहीत चढव."

बियाण्याच्या नोंदवहीत सात रकाने होते. त्यातला एक 'कोणाकडून मिळालं'. बाहेरून कोणी नवा वाण दिला, तर देणाऱ्याचं नाव तिथे जायचं. पुढे त्या वाणाचं काहीही झालं, तो कुठेही गेला, तरी ते नाव त्याच्या मागे राहायचं. मीटरला त्या रकान्यात यायचं होतं. दुसरं काही त्याने कधी मागितलं नाही.

"मॅडमच्या चिठ्ठीशिवाय चढवता येत नाही," मी म्हटलं.

"त्या म्हणतात, आधी पक्कं होऊ दे."

"मग असं करतो. महिनाअखेरची ओळ कोरी ठेवतो. चिठ्ठी आली की भरू."

ही आम्हा कोठारवाल्यांची जुनी सवय. उशिरा येणाऱ्या पाकिटासाठी महिन्याच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडायची, म्हणजे अनुक्रम बिघडत नाही. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. मी त्याच्यासमोर ती ओळ सोडली आणि कडेला पेन्सिलीचं बारीक टिंब दिलं.

"माझ्या नावाने ना?"

"तुझ्या पूर्ण नावाने."

"पूर्ण नाव तुला माहीत आहे का रे?"

"हजेरीपटावर बघून लिहीन."

तो इतका हसला की चहा सांडला.

मॅडमनी त्या भाताचा पाठपुरावा सहा वर्षं केला. जगणाऱ्या रोपाचा त्याच्याच मरणाऱ्या भावंडाशी संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी मेली. मीटर दोन दिवस जेवला नाही. दुसऱ्या पिढीत चारांत एक जगलं, आणि मॅडम म्हणाल्या, हेच हवं होतं. याचा अर्थ सगळा फरक एकाच जनुकाचा आहे, आणि ते आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं आलं तरच रोप जगतं. नेमकं कुठलं जनुक ते सापडायला आणखी तीन वर्षं गेली. सापडलं त्या दिवशी त्यांनी उलट्या क्रेटवर बसून मीटरच्या वहीत चित्र काढून दाखवलं. मी पाकिटं पोचवायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"काका, मुळाच्या प्रत्येक पेशीला बारीक दारं असतात. सोड्याच्या पाण्यात रोप गांगरतं आणि पेशीच्या आत एक विष तयार होतं. बाहेरून आलेलं नाही, तिनेच केलेलं. एरवी ते त्या दारांतून निघून गेलं असतं. पण या वाणात एक जनुक आहे, ते नेमकं अशा वेळी दारं लावून घेतं."

"मग आतलं आतच?"

"आतच. म्हणून मरतं."

"आणि आपल्या बादलीतलं?"

"तुमच्या रोपात ते जनुक मोडलंय. दारं उघडी राहतात. विष बाहेर जातं."

"म्हणजे राखणदार झोपला म्हणून घर वाचलं!" मीटर म्हणाला. मॅडम खळखळून हसल्या.

पायरीवर आल्यावर तो मला म्हणाला, "ऐकलंस ना? 'तुमच्या रोपात' म्हणाल्या." हे त्याने त्या आठवड्यात मला तीन वेळा सांगितलं. आणि निघताना नेहमीसारखं विचारलं, "माझी ओळ आहे ना?"

"आहे."

त्याच सुमारास केंद्रात हजेरीचं नवीन यंत्र आलं. काचेवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की तुम्ही हजर. सगळ्यांचा दिवा लागला, मीटरचा लागेना. दहाही बोटं झाली. यंत्र बसवणारा माणूस त्याचा हात उजेडात धरून बघत राहिला. बोटांवर रेषाच नव्हत्या. इतकी वर्षं सोड्यात घासून घासून कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"तुम्ही कोणीच नाही यंत्राच्या हिशेबी," तो माणूस म्हणाला.

"घरी हिचंही तेच म्हणणं आहे," मीटर म्हणाला.

मग साहेबांनी तोडगा काढला. यंत्राशेजारी एक वही ठेवली. रोज सकाळी मीटरने यायचं आणि माझ्यासारख्या कायम कर्मचाऱ्याने त्याच्या नावापुढे सही करायची, की हा माणूस हजर आहे. ते काम माझ्याकडे आलं. पुढे रोज सकाळी साडेआठला मी लिहून द्यायचो की मीटर आहे. तो म्हणायचा, "कुलपा, तू सुट्टी घेऊ नकोस बाबा. तू आला नाहीस तर मी नसतो."

मग साहेबांचं बोलावणं आलं.

खोलीत साहेब आणि मॅडम. मॅडमचा लेख बाहेरच्या मोठ्या मासिकात छापून यायचा होता आणि मासिकवाल्यांनी विचारलं होतं की मूळ बियाणं कुठून मिळालं, नोंद दाखवा. साहेबांनी दरवाजा लावून घ्यायला सांगितलं.

"काय दाखवणार?" साहेब म्हणाले. "की चाचणीतून काढलेलं रोप मदतनिसाने चोरून बादलीत वाढवलं? तीन हंगाम? उद्या ते म्हणतील, बियाणं शुद्ध कशावरून. सगळी मेहनत पाण्यात. आणि त्याचं काय होईल? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. नियमभंगाची चौकशी लागेल."

मग ते माझ्याकडे वळले.

"तुमच्या वहीत त्या महिन्याची एक ओळ कोरी आहे, असं मॅडम सांगतात."

म्हणजे मीटरनेच मॅडमना कधीतरी कौतुकाने सांगितलं असणार.

"तिथे लिहा, जुना संग्रह, दुसरं कपाट, बिननावाचं पाकीट. तारीख तेव्हाची. त्याच्या भल्याचंच आहे हे."

"त्याला एकदा विचारू का?" मी म्हटलं.

"विचारलंत आणि तो नाही म्हणाला, तर?"

मॅडम इतका वेळ टेबलावरची टाचणी फिरवत होत्या. म्हणाल्या, "मी लेखाच्या शेवटी आभारात काकांचं नाव घालीन. शब्द देते." बोलताना टाचणीकडेच बघत होत्या.

मी कोठारात आलो. पेन्सिलीचं टिंब खोडलं. आताच्या पेनाची शाई जास्त काळी दिसेल म्हणून दौतीतली शाई बशीत घेतली आणि तिच्यात दोन थेंब पाणी घातलं. पाठकोऱ्या कागदावर तीनदा लिहून बघितलं. मग वहीत लिहिलं. मी त्याच्या भल्यासाठी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण ती पाकिटं माझ्या कोठारातली होती, ती बादली माझ्या पायरीमागे होती, आणि ती कोरी ओळही नियमाबाहेरची. चौकशी लागली असती तर दुसरं नाव माझं निघालं असतं. त्या खोलीत मला पहिल्यांदा तेच सुचलं होतं.

पुढचे चार महिने तो चहाला येत राहिला. "माझी ओळ आहे ना?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "आहे." ओळ होतीच.

लेख छापून आला तेव्हा केंद्रात सभा झाली. पाहुणे आले, सभागृहात खुर्च्या लागल्या. भिंतीवर त्या भाताचं माणसाएवढं चित्र लावलं होतं. मीटर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि बायकोला बरोबर घेऊन आला होता. ती बाई केंद्रात पहिल्यांदाच येत होती. ती दोघं शेवटच्या रांगेत, माझ्या पुढेच बसली.

चित्रात रोप होतं, माती होती. बादली कापून टाकली होती. पण खाली डाव्या कोपऱ्यात बोटभर निळी पट्टी राहून गेली होती. मीटरने बायकोला ती बोटाने दाखवली. "ती बघ, आपली बादली."

साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, आमच्या जुन्या संग्रहात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या एका बिननावाच्या पाकिटातून हे अनमोल बियाणं मॅडमच्या नजरेने टिपलं. टाळ्या झाल्या. शेवटी लेखातले आभार वाचून दाखवले. त्यात एक वाक्य होतं, 'काचघरातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.'

बायकोने त्याला हळूच विचारलं, "तुमचं कधी येणार?"

मॅडमकडे किंवा साहेबांकडे त्याने बघितलं नाही. मागे वळून त्याने माझ्याकडे बघितलं. मी बुटाची लेस बांधायला वाकलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो पायरीवर न येता पुढच्या दाराने आत आला.

"ओळ दाखव."

"अरे, बस तरी. चहा..."

"ओळ दाखव, कुलपा."

मी वही काढली. पान उघडलं. त्याने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर वाचलं. मग खालचं वाचलं, वरचं वाचलं, आणि परत तेच. मला वाटलं तो ओरडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"अक्षर तुझंच आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं साहेबांचं असेल. किंवा तिचं." त्याने ओळीवरून अंगठा फिरवला. "शाईत पाणी किती घातलंस?"

"दोन थेंब."

"बरोबर पडलंय."

"तुझ्यावर चौकशी लागली असती," मी म्हटलं. "नियमभंग. निवृत्तीच्या तोंडावर. तुझ्यासाठीच..."

"लागू द्यायची होती. चौकशीच्या कागदावर माझं नाव तरी आलं असतं. या माणसाने रोप टाकलं नाही, वाढवलं, असं कुठेतरी लिहिलं गेलं असतं." त्याने वही मिटली. "तिचं मला समजतं रे. तिला पुढे जायचंय. साहेबांचंही समजतं. तू रोज सकाळी सही करतोस की मी आहे."

मी म्हटलं, "चुकलं."

"चुकलं कुठे? दार चांगलं लावलंस." असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठला यंत्राशेजारी उभा होतो. मीटर आला, काचेवर बोट ठेवलं, दिवा लागला नाही. त्याने ती वही उचलली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे नेऊन त्याची सही घेतली. पुढे निवृत्त होईपर्यंत रोज तेच. कोठारामागची बादली त्याच आठवड्यात नाहीशी झाली. दहा वाजता मी पायरीवर एकटा बसायचो. मग तेही सोडलं. निरोपाच्या दिवशी त्याने कार्यक्रम नको म्हणून सांगितलं. खिळ्यावरचे हातमोजे, एकदाही न वापरलेले, सही घेऊन परत जमा केले. ते जमा करून घ्यायला मीच होतो. "मोजून घे," म्हणाला. दोन होते.

मॅडम पुढे मोठ्या ठिकाणी गेल्या. त्यांचं त्या भातावरचं काम चांगलं होतं, खरं होतं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटी फक्त माझी ओळ होती. पुढे ती वही संगणकात चढली आणि मूळ प्रत जुन्या कागदांच्या खोलीत गेली. संगणकात आता अगदी स्वच्छ दिसतं, जुना संग्रह, दुसरं कपाट. शाईचा रंगही उरला नाही.

निवृत्त माणसाला दर वर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बाकीचे यंत्रावर अंगठा ठेवून मोकळे होतात. मीटरचा अंगठा चालत नाही, म्हणून त्याला केंद्रातल्या एका जुन्या कर्मचाऱ्याची सही लागते. पहिल्या वर्षी मी पेन घेऊन वाट बघितली. त्याने ती पहारेकऱ्याकडून घेतली. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हरकडून. मग पहारेकरी गेला. मग ड्रायव्हर मुलाकडे लांब राहायला गेला. टायपिस्टबाईंनी तीन वर्षं सही केली आणि गेल्या वर्षी त्याही गेल्या. उरलो मी.

मागच्या सोमवारी सकाळी दाराची घंटा वाजली. तो होता. खूप वाळला होता. काठी नव्हती, पण भिंतीला हात लावून उभा होता.

"सही लागेल," म्हणाला.

मी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. माझी बायको चहा टाकायला गेली. तेरा वर्षांनी तो माझ्यासमोर बसला होता आणि मला एकच प्रश्न सुचला.

"कसा आहेस?"

"सात."

"आणि बादली?"

"आहे. सून कपडे भिजवते तिच्यात."

"त्यातला भात?"

"भात नाही आता. कपडे मात्र सोड्यातच भिजवते," तो म्हणाला. हसेल असं वाटलं, हसला नाही.

त्याने कागद पुढे केला. त्याचं नाव त्याने आधीच स्वतः लिहून आणलं होतं, मोठ्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर जाईल असं. मी पेन उघडलं.

"आधी वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. मग सही कर."

मी वाचलं, "सदर व्यक्तीस मी व्यक्तिशः ओळखतो, व ती आज माझ्यासमोर हजर होती." सही केली. तारीख टाकली. मग धीर करून त्याला या पुस्तकाविषयी सांगितलं. म्हटलं, मी तुझ्यावर लिहितोय. रोप, बादली, ओळ, सगळं. कोणी काय केलं ते सगळं. तुझ्या पूर्ण नावासकट.

"लिही," म्हणाला. "नाव घालू नकोस. बावीस वर्षं बरोबर बसलो आपण. तुझ्या हाताने माझं नाव त्या एका ठिकाणी हवं होतं. तेव्हा. आता तुझ्या हातचं नको."

"मग काय लिहू?"

"मीटर लिही. ते तसंही तुम्हा सगळ्यांनीच ठेवलेलं."

बायकोने चहा आणून ठेवला. त्याने कागद उचलला, उठला आणि उजेडासाठी खिडकीपाशी गेला. माझी सही त्याने बघितली नाही. खालची तारीख बघितली, कागद डोळ्यांजवळ नेऊन, एकेक आकडा.

"आजचीच आहे ना?"

"आजचीच."

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून त्याने ती एकदा ताडून घेतली, कागदाची घडी केली, आणि चहाला हात न लावता गेला.